अकरा अक्षरांची लाल जर्सी

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. डाव्या पायाने फुटबॉल खेळतो आणि मैदानात उजव्या बाजूला उभा राहतो, त्यामुळे त्याचा आवडता खेळाडू कोण हे वेगळं सांगायला नको. यंदा वाढदिवसाला त्याने एकच गोष्ट मागितली: लाल जर्सी, मागे १९ नंबर आणि स्पेनच्या लामिन यमालचं नाव. कंपनीची अस्सल जर्सी पाच हजारांच्या घरात जाते आणि या वयात वर्षभरात ती पोटावर येते. गेल्या वर्षी एका दुकानातून चारशेची घेतली होती. तिसऱ्या धुण्यात तिच्यावरची पिवळी अक्षरं नारिंगी पडली, पाचव्या धुण्यात कडेने सुटायला लागली. तिच्यावर नुसतं 'यमाल' लिहिलं होतं. त्यात काही चुकलंय हे तेव्हा मला कळलंही नव्हतं.

या वेळी मुलाच्या टीममधल्या एका आईने नागपूरच्या गांधीबागेतल्या चाचांकडे जायला सांगितलं. ठोक कापडाच्या दुकानांच्या मागे एक अरुंद गल्ली आहे, तिथे पहिल्या मजल्यावर त्यांची खोली. पाटी नाही. गल्लीत कोणालाही 'जर्सीवाले चाचा' विचारा, जिना दाखवतात. आम्ही अजनी चौकातून मेट्रोने निघालो, बर्डीला गाडी बदलली, अग्रसेन चौकात उतरलो आणि तिथून पायी गेलो. गाडी घेऊन जायच्या भानगडीत पडू नका, त्या गल्लीत हातगाड्यांमधून माणूसच कसाबसा जातो.

खोलीत कापडावर अक्षरं तापवून दाबायचे दोन हीट प्रेस, अक्षरं कापायचं एक मशीन, विनाइलचे म्हणजे त्या अक्षरांच्या पातळ प्लास्टिकचे रोल आणि दोरीवर टांगलेल्या टीमच्या जर्स्या. चाचा मूळ कामठीचे. तरुणपणी रब्बानी मैदानावर खेळलेले आहेत, आणि गुडघा दुखतो तेव्हा कोणत्या मॅचमध्ये लागला होता तेही सांगतात. कामठीत फुटबॉल घराघरात आहे हे नागपूरकरांना माहीत असतं. मी हिंगणघाटची, मला ते लग्नानंतर कळलं.

"नाव काय टाकू?" त्यांनी विचारलं.

"यमाल," मी म्हटलं.

"नुसतं यमाल? तसं नाही न ताई. लामिन यमाल हे दोन्ही मिळून त्याचं एक नाव आहे. आडनाव त्याचं वेगळंच आहे. तो स्वतः पाठीवर दोन्ही टाकते."

मुलगा एकदम पुढे आला. "मग आडनाव काय आहे चाचा?"

"बापाकडून नसरावी, मायकडून एबाना. अन् लामिन म्हणजे आपला अमीन, यमाल म्हणजे जमाल. स्पेनवाले ज ला ह म्हणते, म्हणून वायनं लिहिलं असंन."

जर्सी छापणाऱ्याने गिऱ्हाइकाला नावाचा अर्थ सांगावा हे मी पहिल्यांदा पाहिलं. अमीन म्हणजे विश्वासू, जमाल म्हणजे सौंदर्य. हे दोन्ही शब्द नागपुरात रोज कानावर पडतात. फक्त स्पॅनिश कपडे घालून समोर आले तर आपल्याला ओळखू येत नाहीत.

त्या रात्री आम्ही मायलेक त्याच्याबद्दल वाचत बसलो. जन्म १३ जुलै २००७, बार्सिलोनाजवळच्या एस्प्लुगेस दे योब्रेगात गावी. वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची. हा दुसरा देश नकाशात शोधावा लागला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा चिमुकला देश, १९६८ पर्यंत स्पेनची वसाहत, आजही तिथे सरकारी कामकाज स्पॅनिशमध्ये चालतं. मोरोक्कोचा उत्तरेकडचा भागही १९५६ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होता. म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही देशांत स्पेन आधी जाऊन बसलं होतं, आणि तिथली माणसं नंतर पोटापाण्यासाठी स्पेनमध्ये आली. मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात वसाहतींचा धडा आहे. तो त्याला पाठ होता, पण समजला त्या रात्री.

नावाची गोष्ट मात्र मलाच थांबवून गेली. त्याचे आईवडील अगदी तरुण होते, हातात पैसा नव्हता आणि घरभाडं थकत होतं. तेव्हा लामिन आणि यमाल नावाच्या दोघा ओळखीच्या माणसांनी भाड्याला मदत केली आणि मुलगा झाला तेव्हा त्याला त्या दोघांची नावं दिली, असं सांगतात. स्पॅनिश पद्धतीने वडिलांचं आडनाव आणि आईचं आडनाव त्यापुढे आलं: लामिन यमाल नसरावी एबाना. पाठीवर मात्र तो मदत करणाऱ्यांची नावं घेऊन फिरतो. स्पेनच्या संघात त्याच्यासोबत दुसऱ्या बाजूने पळणारा निको विल्यम्स, त्याच्या घरातही असंच आहे. आईवडील घानाहून सहारा वाळवंट पायी तुडवत स्पेनला पोचले. बिल्बाओत ज्या पाद्र्याने त्यांना आधार दिला त्याचं नाव इन्याकी, म्हणून थोरल्या मुलाचं नाव इन्याकी ठेवलं. आज तो इन्याकी घानाकडून खेळतो आणि धाकटा निको स्पेनकडून. एका आईच्या दोन लेकरांच्या दोन देशांच्या जर्स्या एकाच दोरीवर वाळत असतील, असं माझ्या मनात आलं.

१४ जुलै २०२४ ला बर्लिनला झालेल्या युरो कपच्या फायनलमध्ये लामिनच्या पासवर निकोने इंग्लंडविरुद्ध पहिला गोल केला, तो माझ्या मुलाने किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. लामिनला आदल्या दिवशी सतरावं वर्ष लागलं होतं. सतरावं लागलं की पूर्ण झालं यावर घरात वाद झाला. पूर्ण झालं होतं.

मोरोक्कोलाही तो हवा होता. त्याने स्पेन निवडलं आणि ८ सप्टेंबर २०२३ ला जॉर्जियाविरुद्ध पहिला सामना खेळताना गोलही केला. पण तेवढ्याने त्याने बाकीचं सोडून दिलं असं नाही. त्याच्या बुटांवर मोरोक्को आणि इक्वेटोरियल गिनी या दोन्ही देशांचे झेंडे दिसले आहेत. गोल झाला की बोटांनी तो ३०४ करून दाखवतो, ते तो वाढला त्या माटारो गावातल्या रोकाफोंडा वस्तीच्या पिनकोडाचे शेवटचे तीन आकडे, ०८३०४. बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांची वस्ती आहे ती. मला झेंड्यांपेक्षा हे ३०४ जास्त पटतं. झेंडा आईवडिलांकडून येतो. पिनकोड म्हणजे तुम्ही ज्या गल्लीत गुडघे फोडून घेतले ती गल्ली. तेव्हापासून आमचा पोट्टा गोल केला की शून्य-शून्य-तीन करतो, ४४०००३ मधले. समोरच्या टीमला काही कळत नाही, त्याला त्याची फिकीर नाही.

आता छपाईबद्दल, कारण पैसे त्याचे दिले.

२८ साइजच्या जर्सीची पाठ ती केवढी, आणि इंग्रजीत नाव होतं अकरा अक्षरांचं, वर मधली जागा. गेल्या वर्षीच्या दुकानदाराने नुसतं 'यमाल' का टाकलं असेल ते तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं: पाच अक्षरं बसतात, काम भागतं. चाचांनी आधी कागदावर अक्षरं कापली आणि मुलाला पाठ करून उभं केलं. दोन इंच उंचीचं अक्षर बगलेपर्यंत जात होतं. उंची तेवढीच ठेवून अक्षर बारीक करता आलं असतं, पण मग दुरून वाचता येत नाही. त्यांनी उंची सव्वा इंचावर आणली आणि जाडी राखली. "एक बारीक 'आय' अक्षर मध्ये आहे म्हणून वाचलो," ते म्हणाले, "नाही तं खांद्यावर चढलं असतं." कागद टाचण्यांनी लावून मला पाच पावलं मागे जाऊन वाचायला लावलं. वाचता आलं, तेव्हाच विनाइल कापायला घेतलं.

नारिंगी झालेल्या अक्षरांचं कारणही त्यांनीच समजावलं. पॉलिएस्टरच्या लाल कापडाचा रंग उष्णतेने सुटतो आणि वर चिकटवलेल्या फिक्या रंगाच्या अक्षरात शिरतो. प्रेस जास्त तापवला की हमखास, आणि कधी कधी चार दिवसांनी दिसायला लागतं. म्हणून ते लाल जर्सीला मागून राखाडी थर असलेलं विनाइल वापरतात, उष्णता कमी ठेवतात आणि दाब वाढवतात. आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर एक अक्षर मारून रात्रभर ठेवतात. मी आतापर्यंत ज्यांच्याकडून जर्सी घेतली त्यांच्यापैकी कोणी हे केलेलं मला माहीत नाही.

क्लबचं किंवा देशाचं चिन्ह ते छापत नाहीत, कंपनीचे पट्टेही नाहीत. मुलाला हे मुळीच आवडलं नाही, छातीवर काहीच नाही म्हणून त्याचं तोंड उतरलं. चाचा म्हणाले, "ते त्यांचं आहे, आपलं नाही. पाहिजे तं तुझ्या टीमचं चिन्ह आण, लावून देतो." माझ्या मते ते बरोबर आहेत. ज्यांना हुबेहूब नक्कल हवी असेल त्यांनी इथे येऊ नये.

प्रेस तापेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात गप्पा होतात. शिलाँगच्या मॅचचा विषय निघाला, २५ मार्च २०२५, भारत-बांगलादेश, गोल एकही नाही. त्या दिवशी हमजा चौधरी बांगलादेशकडून पहिल्यांदा उतरला होता. जन्म इंग्लंडमधल्या लफबरोचा, आई बांगलादेशी, वडील कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाचे. तिथल्या लेस्टर क्लबकडून खेळलेला, इंग्लंडच्या २१ वर्षांखालच्या संघातही होता. चाचांचं म्हणणं, आपल्याकडेही असे आणले पाहिजेत, इंग्लंड-हॉलंडमध्ये आपल्या रक्ताची किती पोरं खेळतात. पण आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. भारताकडून खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट लागतो. पुणे एफसीकडून खेळलेला इझुमी अराता, वडील भारतीय, आई जपानी, त्याने २०१२ मध्ये जपानचं नागरिकत्व सोडलं तेव्हा कुठे त्याला निळी जर्सी मिळाली. मला हे फार मोठं मागणं वाटतं. वडिलांचा देश हवा तर आईचा कागद परत कर, असं लेकराला कसं सांगायचं? चाचा म्हणाले, कायदा आहे. मी म्हटलं, असेल. तेवढ्यात प्रेसचा दिवा लागला.

घरी परतताना मेट्रोत मुलाने विचारलं, "आई, यमाल त्याचं आडनाव नाही. तसं आपलंबी आडनाव खरं नाही न?"

त्याने हे आजीकडून ऐकलेलं होतं. माझे सासरे १९५९ मध्ये काझीपेटहून अजनीच्या लोको शेडमध्ये बदलून आले. काझीपेट तेव्हा मध्य रेल्वेतच होतं. तेलुगू लोकांत घराण्याचं नाव आधी येतं आणि स्वतःचं नाव शेवटी. आपल्या अगदी उलट. रेल्वेच्या पासवर सासऱ्यांचं नाव होतं ते तसंच, आधी घराण्याचा 'एम', टिंब, मग पाळण्यातलं नाव. माझ्या नवऱ्याला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी शेवटचा शब्द आडनाव म्हणून लिहिला आणि 'एम' गाळला. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, त्यांच्या रजिस्टरात तीन रकाने होते आणि त्यांनी ते भरले. तेव्हापासून आमच्या घराचं आडनाव म्हणजे सासऱ्यांचं पाळण्यातलं नाव. लग्नानंतर माझंही तेच. मुलगा लहान आहे म्हणून ते इथे लिहीत नाही, शेवटी 'अय्या' येतं एवढं सांगते.

त्या 'अय्या'मुळे दर वर्षी कोणी तरी त्याला "तू मद्रासी का बे?" विचारतं. मागच्या उन्हाळ्यात एका शिबिरात फॉर्म भरणाऱ्याने मला विचारलं, मूळचे कुठले? मी म्हटलं, अजनी. तो म्हणाला, तसं नाही हो, मूळचे? मुलाचा जन्म नागपूरचा, त्याच्या वडिलांचा नागपूरचा, सासरे छत्तीस वर्षं इथल्या इंजिनांना तेलपाणी करून इथेच मोक्षधामात गेले. मी पुन्हा अजनीच म्हटलं. त्याने रकाना कोरा ठेवला. मला त्या माणसाचा राग आला नाही असं म्हणणार नाही. आला, आणि अजून आहे.

म्हणून दुसरी ऑर्डर झाली. मुलाच्या टीमच्या निळ्या जर्स्या चाचांकडेच बनणार होत्या. त्याने आपल्या जर्सीवर आधी 'एम', टिंब आणि मग नाव मागितलं, आजोबांच्या रेल्वे पासवर होतं तसं. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांना आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी घराण्याचं अख्खं नाव तेलुगूत म्हणून दाखवलं, दोनदा, आणि मुलाकडून तीनदा म्हणून घेतलं. त्याचा 'ळ' त्यांना आवडला. म्हणाल्या, तुझ्या बापापेक्षा बरा बोलतो.

चाचांचा दर साधा आहे. मुलांची जर्सी ३२० रुपये, अक्षराचे दहा, नंबरच्या आकड्याचे पंचवीस. लाल जर्सीचे एकूण ४८० झाले. 'एम'चे दहा घेतले, टिंबाचे नाही.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. वाढदिवस रविवारी होता. चाचांनी शनिवारचा वायदा केला होता आणि जर्सी मिळाली मंगळवारी. कापडावर मारलेलं चाचणीचं अक्षर सकाळी फुगलेलं दिसलं, म्हणून त्यांनी दुसरा रोल मागवला. कारण मला पटतं, पण फोन करून सांगायचं की नाही? मी शनिवारी चार वेळा फोन लावला, एकदाही उचलला नाही. रविवारी दुकान बंद. मुलाने केक जुन्या नारिंगी अक्षरांच्या जर्सीत कापला. हे मी चाचांना तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि चूक मान्य केली. तुम्ही जाणार असाल तर हव्या त्या दिवसाच्या आठवडाभर आधीची तारीख सांगा.

मागितल्याशिवाय बिल देत नाहीत. घालून पाहायला जागा नाही, त्यामुळे मापाची जुनी जर्सी सोबत न्या. जिना उभा आहे आणि कठड्याचा भरवसा नाही. आणि चौथ्या धुण्यानंतर लाल जर्सीवरच्या शेवटून दुसऱ्या 'ए'चा एक पाय थोडा उचलला गेला. रंग मात्र पिवळाच आहे, लाल चढलेला नाही. मी जर्सी उलटी करून गार पाण्यात धुते, इस्त्री फिरवत नाही, तरी हे झालं. चाचांनी दहा मिनिटांत परत दाबून दिलं, पैसे घेतले नाहीत. पण त्यासाठी गांधीबागेची एक फेरी झालीच.

त्या फेरीला सासूबाई सोबत आल्या होत्या. त्यांना हवं होतं की निळ्या जर्सीच्या आत, कॉलरच्या खाली, घराण्याच्या नावाचं पहिलं अक्षर तेलुगूत असावं. बाहेर नको, आत. त्यांना जिना चढवेना, त्या खाली ऑटोत बसून राहिल्या. चाचा गुडघा सांभाळत खाली आले, हातात कोरे कागद आणि काळा मार्कर. "माताजी, जाड लिहून द्या, मशीनला बारीक रेघ कापता येत नाही." सासूबाईंनी लिहिलं. रेघ थरथरली म्हणून पुन्हा लिहिलं. मग आणखी एकदा. चाचांनी तिन्ही कागद उजेडात धरून पाहिले आणि दुसरा ठेवून घेतला.

गुरुवारी आणायला जायचं आहे.